केतू, अतिथी-तारा आणि नवतारा : स्फोटक ताऱ्यांच्या भारतीय नोंदींचा प्रश्न

१

इ. स. १०५४ च्या जुलै महिन्याच्या ४ तारखेस, म्हणजे शके ९७६ मध्ये ऐन आषाढात, वृषभ राशीच्या दक्षिण शिंगाच्या टोकाजवळ एक तारा एकाएकी प्रकट झाला. चीनमधील सुंग राजवटीच्या दरबारी ज्योतिषांनी त्याची नोंद केली. तो शुक्राप्रमाणे भर दिवसाही दिसे, त्याचा वर्ण तांबूस-पांढरा होता आणि दिवसा दिसण्याचा हा प्रकार २३ दिवस चालला, असे त्यांनी लिहून ठेवले. रात्रीच्या आकाशात तो इ. स. १०५६ च्या एप्रिलपर्यंत, म्हणजे सुमारे २१ महिने दिसत होता. जपानमध्ये फुजिवारा तेइका याने पुढे तेराव्या शतकात आपल्या रोजनिशीत जुन्या नोंदी उतरून घेतल्या; त्यांतही हा तारा आढळतो.

या ताऱ्याच्या जागी आज दुर्बिणीतून एक अंधूक, विस्कटलेला तेजोमेघ दिसतो. जॉन बेव्हिस या इंग्रज निरीक्षकाने तो इ. स. १७३१ मध्ये प्रथम पाहिला. शार्ल मेस्ये याने आपल्या प्रसिद्ध यादीत त्याला पहिला क्रमांक दिला. पुढे क्रॅब अभ्रिका हे नाव रूढ झाले. इ. स. १९२१ मध्ये ही अभ्रिका प्रसरण पावत असल्याचे डंकन याने दाखविले. त्याच वर्षी लुंडमार्क याने जुन्या चिनी नोंदींवरून संभाव्य नवताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली, आणि इ. स. १९२८ मध्ये हबल याने अभ्रिकेचे वय मागे मोजून तिचा संबंध १०५४ च्या ताऱ्याशी जोडला. इ. स. १९४२ मध्ये चिनी भाषेचे पंडित डॉयव्हेंडाक आणि ज्योतिर्विद मेयॉल व ऊर्ट यांनी ग्रंथ आणि गणित एकत्र आणून हा संबंध पक्का केला. इ. स. १९६८ मध्ये त्या अभ्रिकेच्या मध्यभागी सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरणारा स्पंदक सापडला. सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे अंतरावरील एका प्रचंड ताऱ्याचा अंत झाला होता; त्याचे बाह्य थर अवकाशात फेकले गेले आणि गाभा दाबला जाऊन न्यूट्रॉन तारा बनला.

या शोधाच्या इतिहासात एक गोष्ट विशेष ध्यानी घेण्याजोगी आहे. नऊ शतकांपूर्वीच्या एका कारकुनी स्वरूपाच्या नोंदीवाचून या अभ्रिकेचे वय इतक्या नेमकेपणाने ठरविता आले नसते. यास्तव जुन्या नोंदींचा शोध हा केवळ हौशी पुराणवस्तुप्रेमाचा विषय नव्हे. तो आजच्या खगोलभौतिकीचाही एक साधनविभाग आहे. आणि येथेच एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. ज्या देशात ज्योतिषाची परंपरा अखंड होती, जेथे दररोजचे पंचांग मांडले जात होते, त्या देशाच्या वाङ्मयात या ताऱ्याचा स्पष्ट उल्लेख का सापडत नाही?

२

हा प्रश्न पुण्यात पद्धतशीरपणे विचारला गेला, हे स्वाभाविकच होते. येथे संस्कृत हस्तलिखितांचे संग्रह आणि आधुनिक खगोलशास्त्राच्या संस्था एकाच नगरात नांदतात. आंतरविद्यापीठीय खगोलविज्ञान आणि खगोलभौतिकी केंद्राचे, म्हणजे आयुकाचे, संस्थापक-संचालक जयंत विष्णू नारळीकर आणि संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांनी प्राचीन भारतीय वाङ्मयात स्फोटक ताऱ्यांच्या दर्शनाचे उल्लेख मिळतात काय, याचा शोध घेतला. त्याचा वृत्तान्त इ. स. २००१ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. असंदिग्ध म्हणता येईल असा उल्लेख हाती लागला नाही, हे त्या शोधाचे फलित. प्रतिकूल फलित प्रामाणिकपणे प्रसिद्ध करणे ही संशोधनातील दुर्मिळ गोष्ट होय, आणि तिचे मोल पुढच्या संशोधकास अधिक असते.

तथापि प्रतिकूल फलिताचा अर्थ लावताना दोन टोकांचे निष्कर्ष संभवतात. एक असा की, भारतीयांनी आकाशाकडे पाहणे सोडून दिले होते आणि ते केवळ पोथीतील गणितावर विसंबून होते. दुसरा असा की, उल्लेख अवश्य होते, परंतु परकीय आक्रमणांत ग्रंथ नष्ट झाले. दोन्ही निष्कर्ष सोयीचे आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत. पहिला डोळ्यांना दोष देतो, दुसरा नशिबाला. नोंद कोण करतो, कोणत्या प्रसंगाने करतो आणि कोणत्या शब्दाने करतो, हे तीन प्रश्न दोघांनीही विचारलेले नसतात. प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

३

तत्पूर्वी एका लोकप्रिय समाधानाची तपासणी केली पाहिजे. १०५४ चा तारा जुलैमध्ये प्रकटला, त्या वेळी भारतावर पावसाळी ढग होते, म्हणून तो येथे दिसला नाही, असे सांगितले जाते. यात थोडे तथ्य आहे. त्या दिवसांत तारा सूर्याच्या पश्चिमेस सुमारे ३५ अंशांवर होता. तो पहाटे सूर्योदयापूर्वी दोन-सव्वादोन तास उगवत असे. कोकणात व घाटमाथ्यावर आषाढ-श्रावणाच्या पहाटे असा तारा ढगांआड राहणे संभवनीय आहे. दिवसा दिसण्याचे २३ दिवसही याच काळात सरले.

परंतु तारा श्रावणात मावळला नाही. आश्विन-कार्तिकात आकाश निवळले तेव्हा तो रात्री लवकर उगवून मध्यरात्रीनंतर माथ्यावर येत होता. त्यानंतरच्या हिवाळ्यात, आणि पुन्हा पुढच्या हिवाळ्यातही, तो नुसत्या डोळ्यांना दिसण्याजोगा होता. शिवाय त्याची जागा आडबाजूची नव्हती. क्रांतिवृत्तापासून तो जेमतेम सव्वा अंश दक्षिणेस होता. नक्षत्रविभाग पाहिले तर ती जागा मृगात पडते. दर महिन्यास चंद्र तेथून जात असे. ज्याला चंद्राचे नक्षत्र पाहावयाचे, त्याची नजर महिन्यातून एकदा नेमकी त्याच प्रदेशावर पडावयाची.

ढगांच्या समाधानास याहून बळकट उत्तर इ. स. १००६ चा तारा देतो. त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस व मेच्या आरंभी दक्षिण आकाशात, आज ज्याला वृक तारकासमूह म्हणतात तेथे, एक तारा प्रकटला. लिखित इतिहासातील सर्वांत तेजस्वी तारा म्हणून तो ओळखला जातो. चीन व जपानमध्ये त्याच्या नोंदी झाल्या. कैरोच्या अली इब्न रिदवान या वैद्याने त्याचे वर्णन लिहिले. स्वित्झर्लंडमधील सेंट गाल मठाच्या इतिवृत्तातही तो आहे. पुण्याच्या अक्षांशावरून तो क्षितिजापासून तीस अंशांहून अधिक उंच चढत असला पाहिजे, आणि मे महिन्यात तो रात्रीचा बहुतेक काळ दिसत असणार. तो काळ भर उन्हाळ्याचा. ढगांची सबब येथे चालत नाही. गावोगावी लोक अंगणात निजत असताना शुक्राहून तेजस्वी असा तारा दक्षिणेस उगवावा आणि तो कोणालाच दिसू नये, हे संभवत नाही. लोकांनी तो पाहिलाच असणार. तेव्हा मौन आहे ते डोळ्यांचे नव्हे, लेखणीचे आहे.

४

लेखणी कोणत्या प्रसंगी चालते, हा पुढील प्रश्न. चीनमध्ये आकाशाची नोंद ठेवणे हे सरकारी खात्याचे काम होते. सम्राटाला स्वर्गाचा आदेश प्राप्त आहे, या कल्पनेवर सारी राज्यव्यवस्था उभी असल्याने आकाशातील प्रत्येक अनपेक्षित घटना ही राजकीय बातमी ठरे. १०५४ च्या ताऱ्याबद्दल वेधशाळेचा अधिकारी यांग वेइ-द याने दरबारास निवेदन केले, ते शकुनाचा अर्थ सांगण्यासाठीच. म्हणजे तेथील नोंदही शुद्ध जिज्ञासेतून झालेली नाही. मात्र तेथे नोंद करणारा पगारी होता, नोंदीचे ठिकाण ठरलेले होते, आणि एक राजवट गेली की दुसरी राजवट पहिलीचा इतिहास लिहून काढीत असे. नोंद टिकली ती या साखळीमुळे.

महाराष्ट्रात त्याच काळी कल्याणीच्या चालुक्यांचे, देवगिरीच्या यादवांच्या पूर्वजांचे आणि कोकण व कोल्हापूर येथील शिलाहारांचे राज्य होते. या राजवटींनी लेख कोरले नाहीत असे नाही. आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा मानला जातो. अंबरनाथच्या शिवालयातील शिलाहार मम्मुणीच्या काळचा लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. ताम्रपट तर अनेक आहेत, आणि वा. वि. मिराशी यांच्यासारख्या संशोधकांनी त्यांचे संपादनही केले आहे. या लेखांत आकाशातील घटना येतात. परंतु त्या कोणत्या? सूर्यग्रहण, चंद्रग्रहण, संक्रांती. कारण उघड आहे. ग्रहणपर्वणीस किंवा संक्रांतीस दिलेले दान अधिक पुण्यकारक मानले जाई. म्हणून दानपत्रात पर्वणीचा निर्देश करणे आवश्यक ठरे. ज्या घटनेशी दान जोडलेले होते ती ताम्रपटावर आली. ज्या घटनेशी दान जोडलेले नव्हते, किंबहुना जिच्या काळात शुभकार्य टाळावयाचे होते, ती ताम्रपटावर येण्याचे कारणच नव्हते. ताम्रपटांत नवा तारा सापडत नाही याचे आश्चर्य वाटणे, म्हणजे खरेदीखतात हवामानाचा वृत्तान्त शोधण्यासारखे होय.

ज्योतिषग्रंथांचे काय? शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी इ. स. १८९६ मध्ये पुण्यात प्रसिद्ध केलेला ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा या विषयावरील मराठीतील पायाभूत ग्रंथ होय. त्याचे महत्त्व एवढे की रा. वि. वैद्य यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषान्तर इ. स. १९६९ व १९८१ मध्ये दोन भागांत निघाले. ज्योतिषशास्त्राचे गणित, होरा व संहिता असे तीन स्कंध परंपरेने मानलेले आहेत. गणितस्कंधातील करणग्रंथ हा पंचांग करणाऱ्याचा नित्याचा सोबती. भोजराजाच्या नावावरील ‘राजमृगांक’ या करणाचा आरंभकाळ शके ९६४ आहे, म्हणजे १०५४ च्या ताऱ्याच्या अवघी बारा वर्षे आधीचा. अशा ग्रंथाचे प्रयोजन पुढे ग्रह कोठे असतील ते सांगणे हे होते. काल रात्री काय दिसले ते सांगणे हे नव्हते. जी वस्तू गणिताने आणता येत नाही तिला करणग्रंथात जागा नव्हती.

याचा अर्थ गणिती आकाश पाहत नव्हते असा मात्र नव्हे. कोकणातील नांदगावचे केशव दैवज्ञ यांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस ग्रहांचे वेध घेऊन कोणत्या सिद्धान्ताचा कोणता ग्रह आकाशाशी जुळतो ते तपासले. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये ‘ग्रहलाघव’ रचताना याच तपासणीचा आधार घेतला, आणि महाराष्ट्रातील पंचांगे पुढे कित्येक शतके त्या ग्रंथावर चालली. डोळे तीक्ष्ण होते. पण ते गणिताची चूक शोधीत होते. जो तारा कोणत्याही गणितात नाही, त्याच्याविषयी गणित चुकले असे म्हणता येत नाही. म्हणून तो पाहूनही शास्त्रात उतरला नाही.

५

आता शब्दांकडे वळले पाहिजे, कारण शोधाची खरी अडचण येथे आहे. भारतीय परंपरेत अशा घटनेस जागा होती ती संहितास्कंधात. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त केतुचार हा स्वतंत्र अध्याय आहे. केतूंचे दर्शन व अस्त गणिताने जाणता येत नाही, असे तो आरंभीच सांगून टाकतो. केतू किती, याविषयीची मतेही तो नोंदवितो : कोणी १०१ मानतात, कोणी १,०००, आणि नारदाच्या मते केतू एकच असून तो अनेक रूपांनी दिसतो. केतूंचे दिव्य, आंतरिक्ष व भौम असे तीन वर्ग तो करतो. त्यांपैकी दिव्य केतू नक्षत्रांत दिसणारे होत.

आधुनिक वाचक केतू म्हटले की धूमकेतू समजतो, आणि येथेच त्याची वाट चुकते. याच अध्यायात आरशासारखे वाटोळे, किरणयुक्त, परंतु शेंडी नसलेले असे केतूही वर्णिले आहेत. मोठ्या पांढऱ्या तारकांसारखे दिसणारे केतूही आहेत. ऋग्वेदाच्या भाषेत केतू म्हणजे प्रकाश, किरण, खूण, ध्वज. पुढे त्याचा अर्थ अनपेक्षितपणे प्रकटणारे आकाशस्थ तेज असा झाला. शेपटीचा अर्थ त्या शब्दात मुळात अनिवार्य नाही. तो ‘शिखी’ व ‘धूमकेतू’ या शब्दांनी जोडला. मराठीत तर धूमकेतूस ‘शेंडेनक्षत्र’ असे सरळ वर्णनपर नाव मिळाले. यांशिवाय केतू हे नाव चंद्रकक्षेच्या एका पातबिंदूसही दिले गेले आणि तो नवग्रहांतील नववा ग्रह बनला. अशा रीतीने एकाच शब्दाच्या पोटात तीन निरनिराळ्या वस्तू शिरल्या.

याचे परिणाम दोन. संशोधक हस्तलिखितांच्या सूचीत ‘नवी तारा’ किंवा तदर्थक शब्द शोधील, तर त्यास काही मिळणार नाही. कारण आकाशात तारा नव्याने जन्मते ही कल्पनाच त्या शब्दव्यवस्थेत नव्हती. आणि तो ‘केतू’ हा शब्द शोधील, तर त्यास इतके मिळेल की त्यातून काही निष्पन्न होणार नाही. बहुतेक स्थळे ग्रहकेतूची किंवा जुन्या संहितांतील उताऱ्यांची असतील. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगालच्या बल्लाळसेनाने आरंभिलेला ‘अद्भुतसागर’ हा उत्पातांचा प्रचंड संग्रह याचे उदाहरण होय. १००६ आणि १०५४ या दोन्ही घटना त्याच्या पूर्वीच्या दीडदोन शतकांतील. तरीही ग्रंथाचा भर गर्ग, पराशर, वराह आदी पूर्वाचार्यांची वचने एकत्र करण्यावर आहे. जुने वचन प्रमाण होते. ताज्या दर्शनास वचनाची प्रतिष्ठा नव्हती.

चिनी ‘अतिथी-तारा’ या शब्दाशी तुलना केली म्हणजे हा भेद अधिक स्पष्ट होतो. अतिथी हा शब्द घटनेचे कारण सांगत नाही, फलही सांगत नाही. तो एवढेच सांगतो की पाहुणा आला, इतके दिवस राहिला आणि गेला. त्यामुळे आल्याची तिथी व गेल्याची तिथी लिहिणे क्रमप्राप्त होते. केतू या शब्दाचा ओढा फलाकडे आहे : दुर्भिक्ष, राजभय, रोग. फल कळले की तिथीचे महत्त्व उरत नाही. एका शब्दाने रोजनिशी घडविली, दुसऱ्याने भविष्य.

६

मग शोध कसा करावा? शब्द धरून नव्हे, तर लक्षणे धरून. एखाद्या मजकुरातील तेज हे स्फोटक तारा होता असे मानण्यास किमान पाच गोष्टी जुळल्या पाहिजेत : ते एका नक्षत्राजवळ स्थिर राहिले, सरकले नाही, त्यास शेंडी नव्हती, ते काही आठवडे किंवा महिने दिसले, त्याचे तेज हळूहळू उतरत गेले, आणि मजकुराचा काळ स्वतंत्र पुराव्याने ठरविता येतो. धूमकेतू सरकतो, उल्का क्षणात विझते, ग्रह गणितात सापडतो. ही लक्षणे जेथे एकत्र येतील तेथे शब्द केतू असो, उत्पात असो वा अन्य काही असो, तो उतारा ज्योतिर्विदाच्या हाती देण्याजोगा ठरेल.

शिवाय शोधाचे क्षेत्रही ज्योतिषाबाहेर न्यावयास हवे. अरबी वाङ्मयात १०५४ च्या ताऱ्याचा उल्लेख बराच काळ सापडत नव्हता. तो इ. स. १९७८ मध्ये पुढे आला, आणि आला तो वैद्यांच्या चरित्रग्रंथातून. बगदादचा वैद्य इब्न बुतलान याने कॉन्स्टॅन्टिनोपलमधील साथीची हकीकत लिहिताना त्या वर्षी मिथुन राशीत एक तारा प्रकटल्याचे नमूद केले होते, आणि तेराव्या शतकातील इब्न अबी उसैबिआ याने ते वचन जतन केले होते. साथीच्या प्रसंगाने तारा आला. भारतातही वैद्यकाचे ग्रंथ, माहात्म्ये, मठांच्या परंपरा, वंशावळी व शकावल्या यांत अशी प्रासंगिक वाक्ये असू शकतील. ती ज्योतिषाच्या सूचीत कधीच येणार नाहीत.

उलट बाजूने सावधगिरीही हवी. काश्मीरमधील बुर्झाहोम येथे सापडलेल्या एका शिळेवर शिकारीच्या दृश्यासह आकाशातील दोन तेजस्वी गोल कोरलेले आहेत. त्यांतील एक स्फोटक तारा असावा, असा तर्क मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला आहे. तर्क विचारार्ह आहे. परंतु चित्र स्वतःची तिथी सांगत नाही, आणि चित्रातील दोन गोलांचे अन्य अर्थही संभवतात. अमेरिकेतील चाको दरीत चंद्रकोर व तारा यांचे जे रंगचित्र आहे, त्याचा १०५४ शी लावलेला संबंधही याच कारणाने वादग्रस्त राहिला आहे. अभिमानाने पुरावा बळकट होत नाही. पाच लक्षणांपैकी एक किंवा दोन जुळल्यावर शोध लागला असे जाहीर करण्यापेक्षा, न सापडल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध करणे अधिक शास्त्रीय होय.

७

पुणे शहराचा आधुनिक इतिहास हाच धडा दुसऱ्या रीतीने शिकवितो. इ. स. १८८८ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या साहाय्याने ती साकारली. तिचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला हे होते. तेथील २० इंची परावर्ती दुर्बीण ही त्या काळी भारतातील सर्वांत मोठी. मृगातील अभ्रिकेच्या वर्णपटाविषयी त्यांनी इ. स. १८९१ मध्ये निरीक्षणे प्रसिद्ध केली. इ. स. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. व्यक्ती गेली की संस्था गेली. नोंदींची साखळी तुटावयास परचक्र लागत नाही; एक निवृत्तीही पुरते.

ती साखळी वेगळ्या स्वरूपात पुन्हा जोडली गेली ती हौशी निरीक्षकांकडून. २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी खगोलनिरीक्षकांच्या भारतातील सर्वांत जुन्या संस्थांपैकी ती एक. सदाशिव पेठेत टिळक स्मारक मंदिरात तिचे ठिकाण आहे. त्याच पेठेत, थोड्याच अंतरावर, इ. स. १९१० मध्ये वि. का. राजवाडे व त्यांचे सहकारी यांनी स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. एका वास्तूत आकाशाकडे पाहणारे, दुसरीत जुने कागद वाचणारे. दोहोंमधील अंतर पायी काही मिनिटांचे. तथापि प्रस्तुत प्रश्नाचे उत्तर त्या दोहोंच्या मधल्या जागेतच आहे. मोडीतील शकावली वाचणाऱ्यास स्थिर तेज आणि सरकते तेज यांतील भेद ठाऊक असावयास हवा, आणि आकाश जाणणाऱ्यास केतू या शब्दाचे तीन अर्थ ठाऊक असावयास हवेत.

मराठी परिभाषेचाही येथे थोडा विचार अगत्याचा आहे. टायको ब्राहे याने इ. स. १५७२ च्या ताऱ्यावर लिहिलेल्या पुस्तकापासून ‘नवा तारा’ ही संज्ञा युरोपात रुजली, इ. स. १९३४ मध्ये बाडे व झ्विकी यांनी त्यांतील अतिप्रचंड स्फोटांचा वर्ग वेगळा केला. मराठी विश्वकोशाने यांस ‘नवतारा’ व ‘अतिदीप्त नवतारा’ असे पर्याय दिले. ‘अतिनवतारा’ हाही शब्द चालतो. नवग्रह, नवरात्र या शब्दांना सरावलेल्या कानास ‘नव’ हे पद प्रथम संख्येसारखे वाटते. त्याहून मोठी अडचण अर्थाची आहे : ज्यास नव म्हणावयाचे तो तारा वस्तुतः मरत असतो. ‘अतिदीप्त’ हे विशेषण मात्र, दिसते तेवढेच सांगते आणि म्हणून ते अधिक टिकाऊ आहे. ‘कृष्णविवर’ या शब्दाचे भाग्य याहून चांगले. नारळीकरांनी इ. स. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने पाठविलेल्या व पहिले पारितोषिक मिळविलेल्या कथेचे तेच शीर्षक होते. शास्त्रातील संज्ञा कथेच्या वाटेने सामान्य वाचकाच्या तोंडी बसते, याचे ते उदाहरण होय. नारळीकरांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. त्यांच्यामागे मराठीत खगोलविषयक गद्याची जी परंपरा राहिली, ती त्यांच्या गणिती कार्याहून कमी महत्त्वाची नाही.

आजचे निरीक्षण यंत्रांच्या हाती गेले आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची रेडिओ दुर्बीण स्फोटक ताऱ्यांच्या अवशेषांतून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपते. भारताचा ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ हा उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी अवकाशात गेला. त्यावरील क्ष-किरण उपकरण, ज्याच्या कामाचे केंद्र आयुकात आहे, सुरू झाले त्याच दिवशी, ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, त्याने दूरवरचा एक गॅमा किरण स्फोट नोंदविला. त्या स्फोटाचे शास्त्रीय नाव ‘जीआरबी १५१००६ए’ असे आहे. नावातील अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. अतिदीप्त नवताऱ्यांची नावेही याच रीतीने सन आणि अक्षर जोडून दिली जातात. या नावांत शकुन नाही, फल नाही, देवता नाही. आल्याची तिथी आहे. चिनी कारकुनाने पाहुण्यास जी वागणूक दिली, ती आता साऱ्या जगाची पद्धत झाली आहे.

८

सारांश, १००६ व १०५४ च्या ताऱ्यांविषयी भारतीय वाङ्मयातील मौन हे आंधळेपणाचे लक्षण मानता येत नाही, आणि ते हरवलेल्या वैभवाचा पुरावाही मानता येत नाही. त्यामागे तीन कारणांची जुळणी दिसते. अनपेक्षित घटनेची तिथीवार नोंद ठेवणारी संस्था नव्हती. दान व गणित हे जे नोंदीचे दोन नित्य प्रसंग होते त्यांत अशा घटनेस स्थान नव्हते. आणि जो शब्द उपलब्ध होता तो दर्शनापेक्षा फलाकडे नेणारा होता. यांपैकी पहिली दोन कारणे इतिहासजमा आहेत. तिसरे अजून संशोधकाची वाट अडवून उभे आहे, कारण सूच्या शब्दांवरून होतात आणि शोधही शब्दांवरून होतो.

हस्तलिखितांच्या सूच्यांत आशयाचा रकाना अद्यापि अनेकदा एका शब्दात आटोपलेला असतो : ज्योतिष, वैद्यक, माहात्म्य. या रकान्यात आकाशातील तेज, त्याचे नक्षत्र आणि त्याचा काळ यांची एक ओळ जरी अधिक लिहिली गेली, तरी पुढच्या पिढीच्या ज्योतिर्विदास ती कदाचित एखाद्या मोठ्या दुर्बिणीइतकी उपयोगी पडेल. वृषभाच्या शिंगाजवळचा तो तेजोमेघ अजून प्रसरण पावत आहे. त्याच्याविषयीचे एखादे भारतीय वाक्य कोठे असेलच, तर ते नव्या दुर्बिणीने सापडणार नाही. ते पोथी उघडून, केतू या शब्दापाशी न थांबता पुढची ओळ वाचणाऱ्यास सापडेल.